बावन्नच्या पुढे तीन रेघा

दादा आकडा वाचत होते आणि मी लिहून घेत होते, बाई. समोर भिंत, भिंतीवर शिंप्याची टेप आडवी चिकटवलेली आणि टेपवर कुठेतरी एक अंधुक लाल ठिपका. मला तो दिसत नव्हता. माझ्या डोळ्यांवर जो चष्मा होता तो असा प्रकाश अडवण्यासाठीच केलेला असतो. दादांना दिसत होता. ते म्हणाले, बावन्नच्या जरा पुढं हाय, पण ह्या टेपचं काई खरं न्हाई. कापडी टेप ताणली की वाढते. मोजणीवाल्यानं असल्याच टेपनं त्यांचा दीड गुंठा खाल्ला होता. मी ठिपका पाडणारा लेझर डायोड बंद केला. ते खाली जाऊन स्टीलची फूटपट्टी घेऊन आले. मी डायोड पुन्हा चालू केला. पन्नासच्या खुणेवर त्यांनी पट्टीचं टोक टेकवलं, ठिपका पट्टीवर घेतला आणि वाकून तोंड वीतभर जवळ नेलं. "बावन्न आनी तीन बारक्या रेघा," ते म्हणाले. मी वहीत ५२.३ लिहिलं. मान वर केली तेव्हा ते उजवा डोळा मनगटानं चोळत होते.

दादा म्हणजे माझे घरमालक. पुण्याजवळ जांबे गावात त्यांचं तीन मजली घर आहे. खाली ते आणि वहिनी राहतात, वरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. पलीकडच्या कंपन्यांत काम करणारी आम्ही माणसं त्यात राहतो. कोणी नांदेडचं, कोणी अकोल्याचं, एक मुलगा बिहारचा. जिन्यात भेट झाली की एकमेकांना पाणी आलं का एवढंच विचारतो. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. दिवसभर शोधते, सापडल्या की लिहून पाठवते, पाठवलेल्याचं पुढे काय होतं ते मला कळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही शिकवलंत तसं तुम्हाला पद्धतशीर सांगावं, इतकंच.

त्या दोन दिवसांत मी लेझर डायोड तपासते. तुम्ही होतात तेव्हा ते आपल्याकडे सहज मिळत नव्हते. आता तांदळाएवढा डायोड टपालानं येतो. जुन्या यंत्रांतून काढलेला, कधी नंबर नसलेला. त्याला मोजून मापून वीज द्यायची, भिंग लावायचं आणि त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची. माझ्याकडे एक जांभळा आहे, त्याच्यासमोर साधा पांढरा कागद निळा पेटल्यासारखा दिसतो. एक गडद निळा आहे, यंदाच मिळायला लागलेला. लाल तीन आहेत; तिन्ही लालच, पण शेजारी शेजारी धरले की एकाला केशरी म्हणावंसं वाटतं. वहिनी म्हणतात, मॅडमच्या खोलीत बारा महिने दिवाळी. दादा एकदा म्हणाले होते, पिवळा तेवढा आना, चौकात सिग्नल लावू.

हा नाद असलेली आम्ही सात माणसं आहोत, सात ठिकाणी. इंटरनेटवर एकमेकांना वाचतो. मी कोणालाही पाहिलेलं नाही. माझ्या टोपणनावावरून ते मला पुरुष समजतात आणि मी ते दुरुस्त केलेलं नाही. या वर्षी आम्ही सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून एकाच ढिगातले डायोड मागवले. विकणाऱ्यानं त्यांच्या तरंगलांबीचा आकडा आठशे आठ नॅनोमीटर सांगितला होता. एकाला तो खोटा वाटला, कारण त्याचा प्रकाश त्याला थोडा लाल दिसत होता आणि आठशे आठ जवळजवळ दिसतच नाही. ठरलं, प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं मोजायचं आणि एका तक्त्यात भरायचं. माझ्या मांडणीत हा सगळा वाद भिंतीवर दोन सेंटिमीटरचा होता. ठिपका चोपन्नच्या पुढे पडला तर विकणारा खरा, बावन्नच्या आसपास पडला तर आमच्यातला तो संशयी खरा. बावन्न पूर्णांक तीन म्हणजे सातशे पंच्याऐंशी. ना धड लाल, ना धड अदृश्य. विझत आलेल्या उदबत्तीचं टोक कसं दिसतं, तसा रंग. पण विझत आलेलं असं त्यात काही नसतं. दिसत नाही तेवढा सगळा प्रकाश तिथंच असतो. त्याचा पुरेसा अंश डोळ्याला दिसत नाही, म्हणून डोळा दिपत नाही. दिपत नाही म्हणून मिटत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक स्पेक्ट्रोमीटरवर दोन मुली असत. एक दुर्बिणीला डोळा लावून मोजपट्टी वाचणार, दुसरी लिहिणार. वाचणारीनं लिहायचं नाही, लिहिणारीनं वाचायचं नाही. जिच्या हातात वही असते तिला आकडा किती यायला हवा ते माहीत असतं आणि मग डोळा तिकडेच सरकतो, असं तुम्ही सांगितलं होतं. मग जागा बदलायच्या. दोघींची वाचनं दोघींच्या वह्यांत यायला हवीत, त्याशिवाय तुमची सही मिळत नसे. खिडक्यांना काळे पडदे. सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी होतो, मग हळूहळू पिवळा. तोवर कोणी यंत्राला हात लावायचा नाही. त्या दहा मिनिटांत मुली कुजबुजतात, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता, तुमचं पातळ अंधारात करडं दिसतं आणि चेहरा अर्धा पिवळा. माझी जोडीदारीण संथ होती. वाचताना ओठ हलवायची, दोनदा वाचायची, तिसऱ्यांदा विचारायची. एकदा ती आजारी पडली तेव्हा मी एकटीनंच सगळी वाचनं घेतली. उत्तर पुस्तकातल्याइतकं जवळ आलं. मी वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही पान पाहिलंत, लाल पेननं एक तिरपी रेघ मारलीत आणि म्हणालात, "एकटीनं बरोबर आणलंस. मग?" मी वही उचलून घेतली. ती बरी होऊन आली, आम्ही पुन्हा प्रयोग केला, उत्तर जरा लांब गेलं, तुम्ही सही केलीत.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले ती राहिलेला प्रयोग समजून घ्यायला, आणखी दोघींबरोबर. नंतर एकटी येऊ लागले. गावाबाहेरच्या त्या दोन खोल्या, स्वयंपाकघराला एकच खिडकी, तिच्यातून जिनिंगची भिंत दिसायची. तुम्ही चुलत्यांकडून आणलेल्या ज्वारीची भाकरी थापत बोलता आणि मी पाटावर बसून वही गुडघ्यावर धरते. मांडणीवर ताटं सहा होती, पण पाचांवर धूळ असे. मी आले की तुम्ही वरून दुसरं काढून पदरानं पुसायचात. शंका संपलेली असायची. तरी तुम्ही म्हणायचात, थांब, आणखी एक उदाहरण करू. मला घरी जायचं असे, आई वाट बघत असे. मी घड्याळाकडे पाहायची आणि तुम्ही घड्याळाकडे पाठ करून बसायचात. हे मला इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं. गेल्या पंधरा दिवसांत रोज आठवतं.

इंजिनीअरिंगला निघाले तेव्हा तुम्ही मला ग्रेटिंग दिलंत. काचेचा चौकोन, त्यावर प्रकाश रंगागणिक वेगळा वळवणाऱ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या हजारो रेघा, कापसात गुंडाळून एका चपट्या डबीत घातलेला. म्हणालात, काचेला बोट लावू नकोस आणि पत्र लिही. बोट लावलं नाही. पत्रं दोन लिहिली. तुम्ही गेल्याचं मला महिन्यानं कळलं, तेही जोडीदारणीकडून, तिच्या मुलाच्या बारशाच्या आमंत्रणात खाली एका ओळीत. त्यालाही आता दहा वर्षं होतील.

पंधरा दिवसांपूर्वी, दादांनी आकडा वाचला त्या रविवारी भिंतीसमोर मांडलं होतं ते तुमचंच ग्रेटिंग. डायोड, भिंग, ग्रेटिंग, बरोबर एक मीटरवर भिंत. माझ्याकडे चष्मे दोन आहेत. एक फिकट हिरव्या काचांचा, न दिसणाऱ्या प्रकाशासाठी. दुसरा नारिंगी, निळ्या आणि जांभळ्यासाठी. तो लाल प्रकाश आणि त्याच्या पलीकडचा सगळा सरळ आत सोडतो. हे मला माहीत होतं, बाई. दोन्हींच्या काड्यांवर आकडे लिहिलेले आहेत आणि मी ते विकत घेताना तीन आठवडे वाचत होते. हिरवा मी घातला. नारिंगी दादांना दिला. ते आरशात बघून म्हणाले, लगनातल्या व्हिडिओवाल्यावानी दिसतोय मी. मी हसले. त्यांना म्हणाले की ठिपक्याकडे सरळ बघितलंत तरी चालेल, यंत्राकडे तेवढं बघू नका. मला वाटलं होतं, कागदासारख्या खडबडीत भिंतीवरून, कापडी टेपवरून प्रकाश विखरून येईल आणि विखुरलेला फार नसतो. स्टीलच्या पट्टीचा मी विचार केला नाही. पट्टी समोर आली तेव्हाही केला नाही. ती आरशासारखी होती आणि दादा नीट मोजावं म्हणून तिच्यावर वाकले होते. मला आकडा हवा होता.

नंतर जागा बदलायला हव्या होत्या. तुमच्या नियमानं आता मी नारिंगी चष्मा घालून वाचायचं आणि दादांनी लिहायचं. मी डायोड बंद केला, म्हटलं झालं, चहा करते. त्या क्षणी मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. माझ्या हातानं बटण बंद केलं, एवढं खरं. तक्त्यात मी सातशे पंच्याऐंशी भरलं. स्वच्छ काम, असं एकानं खाली लिहिलं. संशयी माणसाला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दादा जिन्यात भेटले आणि सहज बोलल्यासारखं बोलले की उजव्या डोळ्यात मधोमध एक टिकली आली आहे, जिकडं बघावं तिकडं हालते. दुखत नाही. मी विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, कालच्यानं. मग स्वतःच म्हणाले, वय झालं, साखर असंल. वहिनींनी साखर तपासून घेतली, ती नव्हती. आठवड्यानं दादा म्हणाले, डावा डोळा झाकला की विजेचा खांब मधी वाकल्यासारखा दिसतो. हसले. खांब सरकारी हाय, वाकलेलाच असंल, म्हणाले. मी त्यांच्याबरोबर हसले, बाई. वर आले आणि वाचत बसले. डोळ्याच्या पडद्यावरचा तो मधला भाग लेझरनं एकदा भाजला की भरून येतो की नाही, हे ज्यानं त्यानं वेगळं लिहिलेलं. लवकर डॉक्टरला दाखवा, हे मात्र सगळ्यांनी सारखं लिहिलेलं.

दादांची रस्त्याकडची जमीन गेली तेव्हा त्यांनी गाडी घेतली. पहाटेच्या पाळीच्या मुलींना घरून आणून कंपनीत सोडतात. दरवर्षी करार नवा होतो आणि त्यासाठी डोळे तपासल्याचा दाखला लागतो. उद्या सोमवारी ते त्यासाठी पौडला सरकारी दवाखान्यात जाणार आहेत. परवा, शुक्रवारी सकाळी, ते वर आले, दारातच उभे राहिले. दोन्ही डोळे उघडे असले की सगळं ठीक दिसतं, गाडी चालवायला काही अडत नाही, असं सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, डोळ्याच्या तक्त्यावरली अक्षरं इंटरनेटवर असत्यात का हो? पाठच करून टाकतो." मी हो म्हटलं. ऑफिसात मोठ्या अक्षरात छापून आणली, घडी न घालता, फायलीत घालून. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी वहिनींनी आंबेमोहोराचा भात आणि वालाची आमटी वर पाठवली.

आता रविवारची दुपार उतरली आहे. खाली अंगणात दादा अक्षरं म्हणताहेत. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. वहिनी कागद धरून बसल्या आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही. दादा काहीही म्हणाले तरी त्या बरोबर म्हणतात. दादा मुद्दाम चुकले, तरी बरोबर म्हणाल्या आणि मग दोघं हसले. ते उद्या पास होतील. मग मंगळवारी पहाटे साडेपाचला एका डोळ्यात भोक असलेला माणूस चार मुली घेऊन जाईल आणि त्याला वाटत राहील की हे वयानं झालं. डॉक्टरलाही तो वयच सांगेल. मी सांगितलं तर उद्याचा दाखला मिळणार नाही, करार कदाचित जाईल, गाडी दारात उभी राहील. माझी खोली जाईल, त्याचं विशेष नाही, खोल्या पुष्कळ आहेत. जिन्यात थांबून मला टिकलीबद्दल सांगणारं माणूस दुसरं नाही.

मी सकाळपासून तुम्हाला हे लिहिते आहे, कारण लिहिताना माझा बचाव तयार होत होता. वाचणारी वेगळी, लिहिणारी वेगळी. तुमची पद्धत. आकडा स्वतःच्या डोळ्यानं घेतला तर तो हवा तिकडे सरकतो, म्हणून दुसरा डोळा बोलावला. मी इतकी वर्षं एकटीनं मोजते, त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या शिस्तीनं मोजलं. हे सगळं वर लिहिलेलंच आहे, ते मी खोडत नाही. पण ते खरं नाही. असा प्रकाश मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो. ठिपका जांभळट पांढरा येतो, टेपवरच्या रेघाही येतात. मोबाइल टेबलावरच होता. हिरवा चष्मा घालून, भिंतीकडे पाठ फिरवून, फोटो काढून मला ते वाचन एकटीला घेता आलं असतं आणि कोणाच्याही डोळ्याची गरज नव्हती. त्या रविवारी सकाळी उठून मी फोटो काढलाही होता. त्यात बावन्न पूर्णांक तीनच होतं. त्यानंतर मी खाली गेले आणि दादांना म्हटलं, जरा मदत हवी आहे, एक आकडा वाचायचाय, पाच मिनिटं येता का.

म्हणजे आकडा माझ्याजवळ होता. मला तो कोणीतरी म्हणायला हवा होता.

हे पाठवायला जागा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पानं ग्रेटिंगच्या डबीत मावणार नाहीत. गादीखाली ठेवते. खाली अजून टी, ओ, झेड चाललं आहे.

सोमवार. सकाळी साडेसहाला खाली गेले. दादा गाडीची काच पुसत होते. मी सगळं सांगितलं, चष्म्याचं, पट्टीचं आणि फोटोचंही. ते फडकं पिळत राहिले, पाणी संपलं तरी. मग म्हणाले, "मंजी तुमाला ठावं व्हतं." मी हो म्हटलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, त्या आत गेल्या आणि पायात चपला घालून बाहेर आल्या. पौडला गेलो नाही. दादांचे मेहुणे गाडी चालवायला आले, आम्ही पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसानं मला विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण. दादा मागून म्हणाले, "कोनी न्हाई. भाडेकरू हायेत." डॉक्टरांना मी तरंगलांबी आणि ताकद सांगितली, त्यांनी ती लिहून घेतली. डाग राहील म्हणाले, वाढू नये म्हणून औषध देऊ, महिन्यानं पुन्हा दाखवा. गाडीचं विचारल्यावर, सध्या नको, म्हणाले. अकरा वाजता ते तिघं जांब्याला परत गेले. मी बसनं ऑफिसला गेले.